न कापलेला दोर

सुनंदा वानखडे कुठेही शिरली की आधी वर बघते. लग्नाच्या मांडवात, बँकेत, दातांच्या डॉक्टरकडे. पंखा कशाला टांगलाय, झुंबराचा हूक छतात किती आत गेलाय, हे पाहून झाल्याशिवाय तिला समोरचा माणूस दिसत नाही. तिची मुलगी नीलम हिला याची लाज वाटते. "मम्मी, नीचे देखो ना, आंटी नमस्ते कर रही हैं," असं तिला दर वेळी कानात सांगावं लागतं.

ही सवय जन्माची नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत सुनंदा चारचौघींसारखी रस्ता बघून चालणारी बाई होती. वडील मूर्तिजापूरकडचे, टपाल खात्यात लागून लखनौला आले आणि इथलेच झाले. लग्न झालं तेही इथल्याच रामदासशी. त्याचे वडील रेल्वेत, आणि तो कैसरबागेतल्या एका जुन्या सरकारी प्रेक्षागृहात मंच-सहायक. म्हणजे पडदा ओढायचा, दिव्यांचे बार वर-खाली करायचे, नाटकवाल्यांचं जंगल, महाल, तुरुंग जे काय असेल ते वर टांगायचं आणि वेळेवर खाली सोडायचं. बावीस वर्षं त्याने हेच केलं.

कैसरबागेचा तो भाग संध्याकाळी जागा होतो. चारच्या सुमाराला कथकच्या मुली पाठीला पिशव्या लावून येतात आणि पाचला गल्लीतल्या तीन-चार खिडक्यांतून वेगवेगळ्या लयीतला तबला एकदम ऐकू येतो. फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर नाटकवाले एका कपावर दोन तास भांडतात. भिंतीवर काल झालेल्या मुशायऱ्यावर आज नौटंकी महोत्सवाचा कागद चिकटतो, त्यावर परवा कुठल्यातरी चित्रप्रदर्शनाचा. सुनंदाने हे सगळं लग्नानंतरची पहिली सतरा वर्षं फक्त जेवणाच्या ताटावर ऐकलं होतं. रामदास जेवताना दोरांबद्दल बोलायचा. "बाहेरून पाहून काही समजत नाही वं," तो भाकरी मोडत म्हणायचा, "पीळ उघडून आत पाहा लागते." ती हो म्हणायची आणि भाजीचं विचारायची.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये रामदास ऑक्सिजनच्या रांगेत गेला. जीव गेला तेव्हा तो रांगेतच होता, हे सुनंदा कुणाला सांगत नाही. रिसालदार पार्कच्या विहारात वंदना झाली तेव्हाही पाचच माणसं येऊ शकली. पुढे अनुकंपेची नोकरी मंजूर झाली. तिला वाटलं होतं कुठेतरी टेबल मिळेल, फाइल मिळेल. पण रिकामी जागा एकच होती. त्याचीच.

"आप पर्दा खींच लेंगी?" व्यवस्थापक सक्सेना साहेबांनी पहिल्या दिवशी विचारलं. नीलम तेव्हा अकरावीत होती. सुनंदा म्हणाली, "खींच लूँगी."

पडदा तिने ओढला. पण मचाणाने तिला रडवलं. रंगमंचाच्या वर, तीन मजल्यांच्या उंचीवर, भिंतीलगत एक अरुंद लाकडी मचाण आहे. लोखंडी शिडीने चढायचं. तिथून सगळे दोर कप्प्यांवरून जाताना दिसतात, आणि खाली, फळ्यांच्या फटींतून, माणसांची डोकी. पहिले सहा महिने ती वर गेली की दोन्ही हातांनी भिंत धरून सरकायची. भीती पडायची नव्हती. भीती होती ती आपल्या हातून काहीतरी पडायची. एकदा तिच्या केसातली पिन निसटली आणि खाली उभ्या असलेल्या नटाच्या खांद्यावर टिचकी मारून गेली. त्याने वर बघून हसून हात केला. सुनंदा मचाणावर बसूनच राहिली. पिनेच्या जागी काय काय असू शकलं असतं, याची यादी तिच्या डोक्यात थांबेना.

त्या दिवसापासून ती वर बघायला लागली.

आणि मग रामदासचं ताटावरचं बोलणं एकेक करून परत आलं. सोमवारी प्रेक्षागृह बंद असतं. त्या दिवशी ती एकेक दोर हातात घेते. दर हातभर अंतरावर तीन पेडांचा पीळ उलटा पिळून उघडते आणि आत बघते. आत फिकट, चमकदार धागे दिसले की दोर जिवंत. आत तपकिरी पीठ निघालं की मेला. मग बाहेरून कितीही गुबगुबीत दिसो. नाकही लावते. कुजलेल्या दोराला जुन्या पोत्यासारखा वास येतो. जानेवारीच्या धुक्यात दोर रात्रभर ओल पितात आणि आखडतात, म्हणून थंडीत सकाळी आल्या आल्या सगळे जरा सैल करायचे. टपरीवाला तिला चिडवतो, "भाभी, हमारी छत भी सूँघ लीजिए किसी दिन." ती हसते, आणि खरंच त्याच्या पत्र्याकडे बघते.

एक नियम खात्याचाही आहे आणि रामदासचाही होता. बाद झालेला दोर त्याच दिवशी कापायचा. हातभर लांबीचे तुकडे करायचे आणि जाळायचे. कारण लांबच्या लांब मेलेला दोर दिसायला जिवंतासारखाच असतो. कुणीतरी उचलतो.

सुनंदाने तीन वर्षांत नऊ दोर कापले. दहावा तिच्याने कापवला नाही.

गेल्या मार्चमध्ये मधल्या कप्पीचा लांब दोर उघडला आणि पीठ निघालं. एका ठिकाणी त्या दोराला सांधा होता. गाठ नव्हे. दोन दोरांचे पेड सोडवून एकमेकांत असे विणलेले की हात फिरवला तर फक्त एक जाडसर फुगवटा लागावा. कैसरबागेत असा सांधा रामदासच घालायचा. हा त्याचा शेवटचा. टाळेबंदीच्या आधी, मार्चमध्येच, घरी आणून त्याने तो ओसरीवर बसून घातला होता. पाय लांब करून, अंगठ्यात दोर अडकवून. नीलमने त्याचा फोटो काढायचं म्हटलं तर म्हणाला होता, "पायाचा कायले काढतं?" आणि फोटो राहून गेला.

सांधा अजून शाबूत होता. पीठ त्याच्या दोन हात पुढे होतं.

सुनंदा करवत घेऊन बसली. उठली. पाणी प्यायली. पुन्हा बसली. मग तिने दोराचं नीट वेटोळं केलं आणि भांडारगृहात, मोडक्या दिव्यांच्या मागे, शेवटच्या खुंटीला टांगून ठेवलं. संध्याकाळी सक्सेना साहेबांनी रजिस्टर पाठवलं. 'रस्सी, एक नग, निष्प्रयोज्य, काटकर नष्ट.' तिने सही केली. उद्या कापू, असं तिला वाटलं. मग वाटलं, परवा. असे दहा महिने गेले.

*

जानेवारीतला तो शनिवार. संध्याकाळी साडेसहाला मधुमतीजींच्या कथक शाळेचा वार्षिक कार्यक्रम होता. मधुमतीजी साठीच्या, केस पांढरे, पाठ काठीसारखी ताठ. शेवटचं नृत्य नव्या मुलींचं होतं, आठ ते दहा वर्षांच्या आठ मुलींचं. आणि त्या नाचत असताना वरून एक मोठं झुंबर हळूहळू उतरणार होतं. झुंबर गजेंद्र नावाच्या मंडपवाल्याने बनवलं होतं. बैलगाडीच्या चाकाएवढी लोखंडी कडी, त्याखाली आणखी दोन, आणि सगळीकडे प्लास्टिकचे लोलक. सत्तर-ऐंशी किलोचं तरी असेल.

सुनंदा त्या दिवशी दुपारी पोचली. नीलमच्या कॉलेजात सकाळी काम होतं, तशी रजा तिने टाकली होती. इंदिरानगरहून मेट्रोने हजरतगंज, तिथून ई-रिक्षा. आल्यावर मुलींचे शेवटचे पाठ चालू होते. मधुमतीजी टाळी वाजवून सांगत होत्या, "पर्दा हिले तो क्या करना है?"

"बाहर भागना है!" आठही जणी ओरडल्या.

"क्यों?"

"नीचे का पाइप लगता है!"

पडद्याच्या खालच्या कडेत जड पाइप असतो. हा धडा मुलांकडून घोकून घ्यायची पद्धत इथे सगळ्याच गुरूंची आहे.

दोनच्या सुमाराला सुनंदा खडू घ्यायला भांडारगृहात गेली. शेवटची खुंटी रिकामी होती.

ती बराच वेळ खुंटीकडे बघत राहिली. मोडके दिवे बाजूला सरकवलेले होते, धुळीत बुटांचे ठसे होते. तिने खाली बघितलं, मागे बघितलं, पोत्यांवर बघितलं. मग ती फाटकाकडे धावली.

गजेंद्र फाटकाजवळ समोसा खात होता. जाडजूड, हसतमुख माणूस.

"गजेंद्रजी, स्टोर से कोई रस्सी ली आपने?"

"ली होगी लड़कों ने. हमारी वाली थोड़ी छोटी पड़ रही थी."

"कौन सी? मोटी वाली? जिसमें जोड़ था?"

"अब भाभी, रस्सी का चेहरा थोड़े ही होता है." तो हसला. "झूमर टँग गया, बढ़िया टँग गया. आप चटनी लीजिए."

"वो रस्सी ठीक नहीं है."

"सुबह दो आदमी लटक के देखे हैं उस पर. आप तो रस्सी को भी नज़र लगा देंगी."

ती आत धावली. झुंबर वर गेलेलं होतं, काळ्या झालरींच्या मागे, दिसणारसुद्धा नाही इतकं वर. त्याचा दोर उजव्या विंगेत खाली येत होता, पण तिथे फक्त शेवटचं टोक हाताशी होतं, आणि ते टोक नवं, पिवळं, नायलॉनचं. गजेंद्रचंच. म्हणजे जुना दोर, घेतलाच असेल तर, वर कुठेतरी मधे जोडलेला होता. मचाणावरून दिसला असता. ती शिडीकडे गेली. शिडीच्या दाराला कुलूप होतं आणि समोर स्टुलावर एक पोलीस शिपाई मोबाइल बघत होता. मुख्य अतिथी कुणीतरी मोठे होते. सुरक्षेसाठी वर जायला मनाई.

"दो मिनट का काम है भैया."

"आदेश नहीं है."

"मैं यहीं की स्टाफ हूँ."

"तभी तो प्यार से बोल रहे हैं," शिपाई म्हणाला आणि परत मोबाइलमध्ये गेला.

आता सक्सेना साहेब. ते आपल्या खोलीत निमंत्रणपत्रिकांवर नावं बघत होते. सुनंदाने सांगितलं. झुंबराच्या दोरात जुना दोर जोडलाय असं वाटतंय, तो खराब आहे, उतरवून बघायला हवा.

"खराब रस्सी?" साहेबांनी चष्मा काढला. "हमारे यहाँ कौन सी खराब रस्सी है? मार्च में जो थी वो तो आपने काट दी."

त्यांनी चेष्टेने म्हटलं नव्हतं. तिच्यावर विश्वास होता म्हणून म्हटलं होतं. खात्यात त्यांनी कितीतरी वेळा सांगितलं होतं की सुनंदाजींची सही असली की मी डोळे मिटतो.

त्या क्षणी एकच वाक्य बोलायचं होतं. ते तिच्या तोंडात तयार होतं. पण त्याच्यामागे दुसरं दिसलं: सरकारी रजिस्टरमध्ये खोटी नोंद. अनुकंपेवर लागलेली बाई. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली नीलम. आणि हेही दिसलं की कदाचित तो दोर नसेलच तिथे, कदाचित तोडून दुसरीकडे काही बांधलं असेल त्याने.

"काट दी थी ना?" साहेबांनी विचारलं.

"जी," सुनंदा म्हणाली.

*

साडेसहाला प्रेक्षागृह भरलं. मुख्य अतिथींनी समई लावली, शाली झाल्या, भाषण झालं. सुनंदा डाव्या विंगेत आपल्या जागी पडद्याच्या दोराशी उभी होती. सहा कार्यक्रम होते. तिने एकही पाहिला नाही. ती वर बघत होती. झालरींच्या मागे काळोख होता, आणि त्या काळोखात ऐंशी किलो लोखंड आहे हे फक्त तिला आणि गजेंद्रच्या दोन माणसांना आठवत होतं. त्या दोघांना ते आठवून काही होत नव्हतं.

बाहेर धुकं उतरलं होतं. दारं उघडली की गार ओल आत येत होती. दोर ओल पित असणार. आखडत असणार.

सांगावं. आता जाऊन सांगावं. पण साहेब पहिल्या रांगेत मुख्य अतिथींच्या मागे बसले होते. मधुमतीजी समोर तबल्याशेजारी बसून नाचाचे बोल म्हणत, पढंत करत होत्या. गजेंद्रला सांगून झालं होतं. प्रत्येक नृत्य संपलं की ती ठरवायची, या टाळ्यांत जाते. टाळ्या संपायच्या.

सकाळी दोन माणसं लटकली होती त्यावर, असं ती स्वतःला सांगत होती. मग लगेच रामदासचा आवाज यायचा, की मेलेला दोर दहा वेळा धरतो. त्याने असं म्हटलं होतं की तीच आता बनवत होती, हेही तिला कळेना.

पाचवं नृत्य चालू असताना आठ मुली तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पांढरे अंगरखे, कपाळावर बिंदी, घुंगरं वाजू नयेत म्हणून मांजरीसारखी पावलं. सगळ्यात लहानीच्या पायातल्या घुंगरांची दोरी सुटली होती. सुनंदाने खाली बसून ती बांधली. बांधताना ती दोन वेळा सुटली.

"आंटी, झूमर सच्ची में नीचे आएगा?" मुलगी कुजबुजली.

"आएगा."

"मम्मी को नहीं बताया मैंने. सरप्राइज़ है."

"नाम क्या है तुम्हारा?"

"स्वप्ना."

"तुम कहाँ खड़ी होगी, स्वप्ना?"

"बीच में," ती अभिमानाने म्हणाली. "एकदम नीचे. सबसे छोटी हूँ ना, इसलिए."

सुनंदाने तिचा पाय सोडला. तिने पुन्हा वर बघितलं.

दिवे निळे झाले. सारंगी सुरू झाली. ठरल्याप्रमाणे झुंबर आधी थोडं खाली येणार होतं, मग मुली धावत जाऊन त्याच्याखाली गोल करणार होत्या, आणि नाचाबरोबर ते आणखी उतरत जाणार होतं. समोर उजव्या विंगेत गजेंद्रची दोन माणसं हातावर हात टाकत दोर सोडायला लागली. झालरींतून लोलक चमकले. प्रेक्षागृहातून एकदम मोठा 'आह' आला आणि टाळ्या.

सुनंदा लोलकांकडे बघत नव्हती. ती दोराकडे बघत होती. बाजूच्या दिव्याच्या झोतात तो ताणलेला दोर वर सरकत होता. झुंबराकडचं पिवळं नायलॉन गेलं. एक गाठ गेली, बोजड, गजेंद्रच्या माणसांची. मग जुना, भुरा दोर. तो वर वर जात राहिला. आणि मग झोतात आला एक फुगवटा, सापाने काहीतरी गिळल्यासारखा.

तिने तो फुगवटा कुठेही ओळखला असता.

त्याच्या दोन हात पुढे पीठ होतं, आणि ते आता कप्पीच्या दिशेने चाललं होतं, जिथे दोर वाकतो.

मागे मुलींनी श्वास घेतल्याचं तिला ऐकू आलं. तबल्याची थाप पडली. पहिली मुलगी तिच्या कोपराला घासून पुढे गेली. दुसरी. तिसरी.

सुनंदाने पडद्याची खुंटी काढली आणि दोर सोडून दिला.

मखमली पडदा एरवी ती पाण्यासारखा सोडते. या वेळी तो धाडकन आला. पाइप फळ्यांवर आदळला. सारंगी मधेच तुटली. तीन मुली अर्ध्या रंगमंचावर होत्या. त्या जागच्या जागी वळल्या आणि पाठ केलेल्या धड्याप्रमाणे पळत विंगेत आल्या. एकीने तिच्या पोटात डोकं खुपसलं.

"रोको!" सुनंदा उजव्या विंगेकडे बघून ओरडली. "छोड़ना मत! धीरे उतारो! कोई नीचे मत आना!"

ती दोन माणसं घाबरून दोर धरून उभी राहिली. मग तिने सांगितलं तसं त्यांनी वीत वीत करून झुंबर उतरवलं. झुंबर फळ्यांवर टेकलं. लोलक किणकिणले. दोर सैल पडला.

तुटला नव्हता.

सगळे एकदम आत आले. मधुमतीजी, सक्सेना साहेब, गजेंद्र, त्याच्यामागे शिपाई. पडद्यापलीकडे पाचशे माणसांची कुजबुज.

"ये क्या किया आपने?" मधुमतीजींचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "बच्चियाँ छह महीने से..."

"हम कह रहे थे ना, इनको वहम है," गजेंद्र म्हणाला. "देखिए, साबुत खड़ा है झूमर. एक मोती नहीं गिरा."

"सुनंदाजी," साहेब म्हणाले, "मंत्रीजी बाहर बैठे हैं."

सुनंदा झुंबराजवळ गेली. गाठ सोडायची गरज नव्हती. कप्पीवरून आलेला दोर तिने हातात ओढून घेतला, सांधा आला, तिथून झुंबराच्या बाजूला दोन हात मोजले आणि पीळ उलटा फिरवला. दोर उघडला. तपकिरी पीठ खाली पडलं. थोडं मधुमतीजींच्या पांढऱ्या पदरावर उडालं. त्यांनी ते बोटाने टिपलं आणि बोटावर बोट चोळून बघत राहिल्या.

आतल्या तीन पेडांपैकी दोनांत धागाच उरला नव्हता.

"पर टूटी तो नहीं," गजेंद्र म्हणाला, पण या वेळी हळू.

"ये रस्सी कहाँ से आई?" साहेबांनी विचारलं. ते गजेंद्रकडे बघत होते. राग काढायला त्यांना एक माणूस मिळाला होता, आणि सुनंदाला त्या क्षणी लख्ख दिसलं की गप्प राहिलं तर तो माणूस गजेंद्रच राहील.

"अपने स्टोर से," ती म्हणाली. "मार्च वाली है. मैंने काटी नहीं थी."

"आपने साइन किया है."

"हाँ. साइन किया था. काटी नहीं थी. दोपहर में भी आपसे झूठ बोला."

साहेबांनी फक्त एक पाऊल मागे घेतलं. जणू तीच वर टांगलेली होती.

बारा मिनिटांनी 'तकनीकी कारण' अशी घोषणा झाली आणि झुंबर मागे ढकलून मुलींचं नृत्य सुरू झालं. पडदा सुनंदानेच उचलला. दुसरं कुणी नव्हतं. मुली गोल फिरत होत्या, मधोमध स्वप्ना. वर आता काहीच नव्हतं. तरी सुनंदा वरच बघत राहिली, आणि नाच संपून आठही जणी विंगेत येईपर्यंत तिने मनात त्यांना दोनदा मोजलं.

*

सोमवारी प्रेक्षागृह बंद असतं, पण तिला अकराला बोलावलं होतं. घरून निघताना नीलम म्हणाली, "मम्मी, नौकरी जाएगी क्या?"

"माहीत नाही."

"पापा की रस्सी थी इसलिए नहीं काटी, बोल देना ना सीधे. समझ जाएँगे."

"समजतील," सुनंदा म्हणाली. "पण त्या पोरींच्या आयांना काय समजावू?"

नीलमने चपला घातल्या. ती आईबरोबर मेट्रोच्या जिन्यापर्यंत आली.

कार्यालयात लेखनिक राजारामबाबूंनी तिला कोरा कागद दिला. निवृत्तीला आलेले, रामदासला ओळखणारे. त्यांनी दार लोटून घेतलं आणि खाली वाकून म्हणाले, "भूलवश लिख दीजिए, बहन. भूलवश रह गई. इतने में चेतावनी देकर छोड़ देंगे. फाइल हम सँभाल लेंगे."

ती पेन धरून बसली. सुटका इतकी सोपी असते हे तिला ठाऊक नव्हतं. तिने लिहायला सुरुवातही केली. मग विंगेत कोपराला घासून गेलेलं ते अंग तिला आठवलं, आणि तिसरी मुलगी. तिने कागद उलटा केला आणि दुसऱ्या बाजूला तिच्या शाळकरी हिंदीत लिहिलं की दोर बाद झाला आहे हे मला माहीत होतं, तो कापायचा होता हे माहीत होतं, तो मी जाणूनबुजून ठेवला आणि कापला असं लिहिलं. कशासाठी ठेवला ते लिहिलं नाही. कुणी विचारलं तर सांगणार होती.

राजारामबाबूंनी कागद वाचला, तिच्याकडे बघितलं आणि तो साहेबांच्या खोलीत नेऊन दिला. "बैठिए," ते बाहेर येऊन म्हणाले. "विभाग के बड़े साहब लखनऊ से बाहर गए हैं. सक्सेना साहब उनसे फोन पर पूछेंगे. समय लगेगा."

ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. एक वाजला. दीड. साहेबांच्या खोलीतून फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही, नुसता आवाज. तिच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं आणि भूकही नव्हती.

मंगळवारी कुठल्यातरी नाटकाचा प्रयोग होता. बंद असलं तरी त्यांना सामान लावायला परवानगी मिळालेली दिसत होती. आतून खिळे ठोकल्याचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं, कुणीतरी बार खाली घ्या म्हणत होतं, कप्पी कुरकुरली. सुनंदाचे कान तिकडे गेले. कुरकुर नेहमीची नव्हती.

"अरे, सुनंदाजी आई हैं क्या?" आतून हाक आली. "ये अटक रहा है!"

तिने साहेबांच्या दाराकडे बघितलं. ते बंद होतं. ती अजून इथली आहे की नाही हे त्या दारामागे ठरत होतं, आणि ते ठरल्याशिवाय दोराला हात लावायचा हक्क तिला होता की नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"उसके नीचे कोई खड़ा है?" तिने बसल्या जागेवरून विचारलं.

"चार-पाँच लोग हैं. क्यों?"

"हटो वहाँ से," ती म्हणाली, आणि उठली.